दस्तकामागचे बळ

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली याच रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. त्याचा अभिमान आहेच. पण रत्नागिरी जिल्ह्यात बसून हा दिवस साजरा करायचा, तर नजर आधी हर्णैकडे वळते. तिथे वाळूतच मासळीचा लिलाव चालतो, होड्यांवरची मासळी घेऊन बैलगाड्या पाण्यातून वर येतात, आणि समोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळी या पाण्यात व्यापार करायचा तर त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे लागे. नसेल, तर जहाज जप्त. आजच्या भाषेत हे आर्थिक निर्बंधच. इंग्रजांनी ते मानले नाहीत. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. दस्तकाच्या कागदाला वजन होते ते खाडीत दबा धरून बसलेल्या लढाऊ गुराबांचे आणि गलबतांचे.

ते वजन एकट्या परक्यांनी घालवले नाही. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे जुमानेनात, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला; पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी सरळ माणूस नव्हता, हे मान्य. पण एका सरदाराला वठणीवर आणताना मराठ्यांचा समुद्रावरचा दराराच गेला.

निर्बंधांचे अस्त्र आज इतरांच्या हाती आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या खरेदीवरून आपल्या मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. नेम मॉस्कोवर, फटका मात्र आपल्या कोळंबीला! समोरचा त्याने किती नमतो, हा वेगळाच प्रश्न.

ते अस्त्र हाती नसले, तरी शत्रूला जरब बसते ती क्षेपणास्त्रांनी, हे खरेच. पण १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचे आरडीएक्स उतरले ते बाणकोटच्या खाडीपलीकडे, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला, आणि त्या वाटेवर कस्टमचे काही अधिकारी विकले गेले होते. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करायला कसाब आणि त्याचे साथीदार आले ते ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून. दोन्ही वेळा विनाशिकांचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तो समुद्रावर रोज असणाऱ्या डोळ्यांचा.

ते डोळे मच्छीमारांचे आहेत. अनोळखी नौका दिसली तर १०९३ वर कळवा, असे त्यांना सांगितले जाते. पण बंदी असूनही एलईडीच्या झोतात मासळी उपसणाऱ्या नौकांविरुद्ध हेच मच्छीमार वर्षानुवर्षे अर्ज करत आले आहेत. त्या अर्जांवर कारवाई होत नसेल, तर मध्यरात्री भर समुद्रातून फोन लावण्याची उमेद त्यांनी कुठून आणावी? गस्तीसाठी आणखी नौका जरूर घ्याव्यात. मात्र मत्स्य खात्याने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून हर्णैपर्यंतच्या या तक्रारी आधी निकाली काढाव्यात. तेही सागरी सुरक्षेचेच काम आहे.