मिलिंग मशीनचा नवा अंमल
ज्या शहरात १५४९ साली मुलूखमैदान तोफ ओतली गेली आणि ज्याची नोंद सरकारदफ्तरी आता अहिल्यानगर अशी झाली असली तरी लोकांच्या जिभेवर अजून नगरच आहे, त्या शहराच्या सावेडी उपनगरात, स्कूटरसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले माझे एक शेजारी काका भंगाराच्या भावाने घेतलेल्या हातचालित मिलिंग मशीनवर संगणकाचा अंमल बसविण्यात गेले सहा महिने गढले आहेत. कोणास हा पोरखेळ वाटल्यास त्याने ध्यानी घ्यावे की, १९५२ साली अमेरिकेतील एमआयटीने जगाला दाखविलेले अंकनियंत्रित यंत्रही असेच एका तयार मिलिंग मशीनचे रूपांतर होते. हँडल काढून स्टेपर मोटार बसविणे ही किरकोळ बाब; मोटारीच्या एका फेऱ्यात पावले २००, स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा, म्हणजे एका पावलास टेबल ०.०२५ मिलिमीटर सरकावे, हा हिशेब कागदावर बिनचूक उतरतो. खरी मेख झिजलेल्या नटात असते: दिशा पालटताना कारागिराचा हात त्यातला ढिलेपणा, म्हणजे ‘प्ले’, नकळत काढून घेतो, परंतु मोटारीस ती समज नसल्यामुळे वर्तुळ कापण्याचा हुकूम तिने कितीही इमानाने बजावला तरी त्याच्या चार ठिकाणी बोटास लागतील अशा पायऱ्या उमटतात. गेल्या रविवारी बॉलस्क्रू चढवून डायल गेज लावला, तेव्हा पूर्वी १८ शतांशांवर लोंबकळणारा काटा दोनावर आला, आणि काकांनी चहा मागविला. दुसऱ्या अक्षाचा स्क्रू अद्याप यावयाचा आहे.