बाणांची दिशा

संग्रहालयाचा संचालक म्हणजे कलाकृतींचा रखवालदार. त्याच्या कारकिर्दीची नोंद प्रशासनाच्या इतिहासात व्हावी, समीक्षेच्या नव्हे, अशी समजूत आपल्या साहित्यविचारात निमूटपणे वावरते. ही समजूत नुसती चुकीची नाही, ती सोयीची आहे. ती कोणाच्या सोयीची आहे, हे तपासले पाहिजे.

आल्फ्रेड बार १९२९ साली, वयाच्या २७व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’चे पहिले संचालक झाले. १९३६ च्या घनवाद व अमूर्तकला या विषयावरील प्रदर्शनग्रंथाच्या वेष्टनावर त्यांचा एक आलेख छापला गेला. १८९० ते १९३५ या काळातील कलासंप्रदाय बाणांनी जोडलेले, आणि शेवटी दोनच मुक्काम : भौमितिक व अभौमितिक अमूर्तकला. हा आलेख म्हणजे इतिहासलेखनच होते. मेयर शपिरो यांनी १९३७ मध्ये त्यामागील भूमिकेवर नेमका आक्षेप घेतला, तो असा की रूपांची वंशावळ मांडताना रूपे घडविणारी सामाजिक परिस्थिती गळून पडते.

आलेखात आणखी एक गोष्ट दिसते. सेझान, गोगँ, व्हॅन गॉग यांना नावे आहेत. आफ्रिकी शिल्प मात्र एका निनावी चौकटीत आहे. त्या चौकटीतून बाण बाहेर पडतात, आत एकही येत नाही. ज्याला ‘उगम’ म्हटले, त्याला इतिहास नाकारला.

१९४३ मध्ये विश्वस्तांनी बार यांना संचालकपदावरून दूर केले. ते संस्था सोडून गेले नाहीत. १९४७ पासून १९६७ मधील निवृत्तीपर्यंत संग्रहाची सूत्रे त्यांच्याकडे होती. अधिकार पदात नव्हता, वर्गीकरणात होता, हा या कारकिर्दीचा खरा अर्थ. पण तो आलेख लेखकाच्या नावासह सर्वांसमोर होता, म्हणूनच त्याचे खंडन शक्य झाले. २०१९ मध्ये याच संग्रहालयाने आपली दालने नव्याने मांडली. पिकासोच्या १९०७ च्या ‘आविन्योच्या तरुणीं’शेजारी फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीचे १९६७ चे चित्र लागले.

आता आपल्या अभ्यासक्रमांकडे वळू. तेथेही केशवसुतांपासून मर्ढेकरांकडे आणि मर्ढेकरांपासून साठोत्तरी कवितेकडे बाण जातात. जात्यावरची ओवी ‘लोकसाहित्य’ या चौकटीत, आंबेडकरी जलसा ‘पार्श्वभूमी’ या चौकटीत. ओवीने नवकवितेला काय दिले, हा प्रश्न परीक्षेत येतो. छापील कवितेने ओवी गाणाऱ्या स्त्रीचे काय केले, हा येत नाही. फरक एवढाच, की आपल्या आलेखाखाली कोणाचेही नाव नसते. तो ‘मंडळाचा निर्णय’ असतो. आणि मंडळाशी वाद घालता येत नाही.

प्रस्तुत लेखकानेही अशा मंडळावर बसून या चौकटी बिनतक्रार मंजूर केल्या आहेत; तेव्हा हा आरोप बाहेरून केलेला नाही. बार यांचे निष्कर्ष स्वीकारा असे येथे म्हणणे नाही. त्यांनी पत्करलेली जोखीम आपणही पत्करावी, एवढेच म्हणणे आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाला कर्त्यांच्या नावांसह प्रस्तावना असावी, आणि काय निवडले, काय वगळले व का, हे तीत लिहिलेले असावे. त्याशिवाय केलेली निवड ही समीक्षा नव्हे. ती केवळ सत्ता आहे.