गोळीआधी थेंबभर रक्त

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर खोकला बारमाही झाला आहे. मेट्रो ४ चे काम, डंपर, गायमुख घाटातल्या रांगा आणि पाऊस ओसरला की वर फ्लू. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत कुठल्याही दवाखान्यात संध्याकाळी बसा; ‘ॲझिथ्रोमायसिन ५००’ लिहिलेली एखादी तरी चिठ्ठी बाहेर पडेलच. २०१९ च्या देशभरातील अँटिबायोटिकांच्या खासगी विक्रीतही हीच गोळी अव्वल होती. फ्लूचा विषाणू तिला जुमानत नाही, धूळ तर नाहीच नाही.

इंडियन मेडिकल असोसिएशनने मार्च २०२३ मध्ये हेच डॉक्टरांना बजावले होते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने अँटिबायोटिक लिहिताना कारणही नोंदवा, असे पत्र काढले. पत्रांनी डॉक्टरची धास्ती जात नाही. न्यूमोनिया निघाला तर? आणि गोळी दिली नाही तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाणार, हेही असतेच.

या धास्तीवर उतारा आहे. बोटातले थेंबभर रक्त घेऊन काही मिनिटांत सीआरपी, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारे प्रथिन, किती ते सांगणारे यंत्र डॉक्टरच्या टेबलावर मावते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये आडाखा दिला: छातीच्या संसर्गात निदानाबद्दल शंका असेल आणि आकडा २० च्या खाली असेल, तर अँटिबायोटिक नको, १०० च्या वर असेल तर द्या, मधल्यांना चिठ्ठी द्या, पण त्रास वाढला तरच औषध घ्यायला सांगा. हनोईजवळच्या आरोग्य केंद्रांत सुमारे २,००० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तपासणीविना अँटिबायोटिक घेणारे ७८ टक्के निघाले, तपासणी झालेल्यांत ६४. चमत्कार नव्हे, पण पत्रांपेक्षा बरे.

आपल्याकडे लॅबना तोटा नाही, घरी येऊन रक्त नेतात. रिपोर्ट येईपर्यंत मात्र दुसरी गोळी पोटात गेलेली असते. त्यात तीन गोळ्यांची पट्टी शंभराच्या आत आणि तपासणी त्याहून महाग. मग कोण थांबेल?

सीआरपी टीबी आणि मलेरियातही वाढतो, त्यामुळे डॉक्टरचा स्टेथोस्कोप हवाच. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याला थुंकीची तपासणी लागते. तिथे ‘लिव्होफ्लॉक्सासिन देऊन बघू’ म्हणणे घातक. या अँटिबायोटिकने टीबी तात्पुरता दबतो, निदान लांबते.

ठाणे महापालिकेने या पट्ट्यातील आपल्या आरोग्य केंद्रांत ही यंत्रे ठेवावीत आणि तपासणी फुकट करावी. वाचकांनी एवढे करावे: पाचव्या दिवशी ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणू नये. दम लागत असेल तर मात्र पाचवा दिवसही उजाडू देऊ नये.