लोणारचा मान आणि आपले कर्तव्य

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर म्हणजे बेसाल्ट खडकात उल्कापाताने घडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर कुतूहल जागे झाले. त्याच वर्षी रामसर यादीत त्याला स्थानही मिळाले. परंतु कौतुक म्हणजे संरक्षण नव्हे. तो रंग देणारे क्षारप्रिय सूक्ष्मजीव खाऱ्या पाण्याच्या आधारावरच जगतात. त्यात सांडपाणी मिसळत राहिल्यास पाण्याचा स्वभावच पालटेल. सहलींना मज्जाव करावा, असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी अवश्य जावे, काठच्या रानातून पायी हिंडावे, पक्षी पाहावेत. मात्र पर्यटकांच्या सोयींआधी सांडपाण्याचा बंदोबस्त, हा क्रम सरकारने पाळलाच पाहिजे. विश्रामगृह केव्हाही बांधता येईल. उल्का पुन्हा मागविता यावयाची नाही!