उसाच्या फडातील भय

भयपटाची गणना हलक्या करमणुकीत करून त्याची दप्तरी नोंदही न घेणाऱ्या रसिकांनी विशाल फुरिया यांचा, २०१७ साली प्रदर्शित झालेला, ‘लपाछपी’ सावकाश पाहावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण उसाच्या फडात अडकलेल्या गर्भवती नेहाच्या भीतीचे जिवाच्या आकांताने केलेल्या प्रतिकारात पूजा सावंत यांनी ज्या क्रमाने रूपांतर घडविले आहे, आणि उषा नाईक यांच्या तुळसाबाईने मायाळू स्वराआडून जी जरब बसविली आहे, त्या दोहोंमुळे चित्रपटाचा स्त्रीभ्रूणहत्येचा विषय अंतःकरणात खोल रुततो. वसईच्या केळीच्या वाड्यांतून तिन्हीसांजेला गेलेल्या माणसाला हिरव्या दाटीतले ते भय निराळे समजावून द्यावे लागत नाही. याच दिग्दर्शकाने २०२१ साली ‘छोरी’ ही त्याची हिंदी आवृत्ती काढली. परंतु उषाबाईंचा तो घरगुती, थंड आवाज मराठीतच ऐकावा.