फुलांचे पाच डॉलर

मागच्या वर्षी आमच्या घरखर्चाला कात्री लावण्याची वेळ आली. वहीत मी सर्वांत आधी रेघ मारली ती 'फुले' या शब्दावर. घरभाडे, शाळेचा खर्च, वीज-पाणी यांना हात लावता येत नव्हता. फुले काही कोणाच्या पोटात जात नाहीत, असा माझा हिशेब. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवसापासून फुलांच्या जागी देवाला अक्षता वाहू लागली. शास्त्राला ते चालते. मला मात्र तीन आठवड्यांच्या वर पाहवले नाही.

मधे प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ आणून पाहिली. एकदाच खर्च, पुन्हा पाहायला नको! पण इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि देवघर यांत अंतर ते किती? फोडणीची वाफ आणि धूळ बसून महिन्याभरात माळ चिकट झाली. धुवायला घेतली तर रंग गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे खोटं आहे हे देवाला कळत नाही का?" मी वही पुन्हा उघडली.

तेव्हा लक्षात आले की फुलांवर आमचा खर्च फार होत नव्हता, चुकीचा होत होता. शनिवारी मॉलमधून कागदात गुंडाळलेले गुलाब आणायचे आणि मंगळवारी माना टाकलेले गुलाब कचऱ्यात टाकायचे. आपण जुडीची किंमत पाहतो; पाहायला हवी ती दिवसाची. बारा डॉलरचे गुलाब तीन दिवस टिकले तर रोजचे चार डॉलर झाले. सहा डॉलरची ऑर्किडची जुडी बारा दिवस राहिली तर रोजचे ५० सेंट.

ऑर्किड म्हटले की आपल्याला मोठ्या हॉटेलची लॉबी आठवते. व्हँडा मिस जोकिम हे ऑर्किड १९८१ पासून सिंगापूरचे राष्ट्रीय फूल आहे, हेही आपण मुलांच्या पुस्तकात वाचतो, आणि ते आपल्या खिशातले नव्हे असे समजून पुढे जातो. बाजारात जुडीने मिळते ते बहुधा डेंड्रोबियम. थायलंड हा त्याचा जगातला फार मोठा निर्यातदार, आणि तो आपल्या जवळच. उष्ण, दमट हवेतच वाढलेले हे फूल आपल्या ३२ अंशांच्या दुपारी नीट उभे राहते. शिवाय एका दांडीवर बरीच फुले असतात. आईने यातून आपला मार्ग काढला. शिळे फूल तिला चालत नाही, म्हणून दांडीवरचे एकच फूल रोज सकाळी खुडून ती वाहू लागली. देवाचे काम झाले आणि फुलदाणीही भरलेली राहिली.

दुसरी चिवट शेवंती. मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्सच्या थंड डोंगरातून ती इकडे येते आणि चांगली टिकते. फक्त पांढरी शेवंती घेऊन चिनी शेजाऱ्यांकडे जाऊ नका. ती त्यांच्याकडे अंत्यविधीची फुले. मी एकदा नेली होती; बाईंनी हसून घेतली, पण दार लवकर लावले.

मोगऱ्याचे गजरे आणि सुटा झेंडू यांसाठी लिटल इंडियाला, बफेलो रोडला किंवा कॅम्पबेल लेनला जावेच लागते. पण गजरा दिवस-दोन दिवसांचा पाहुणा. तो आम्ही सणावारालाच आणतो आणि ओलसर रुमालात गुंडाळून डब्यात, फ्रिजमध्ये ठेवतो. एरवीची फुले घराजवळच्या वेट मार्केटमधून. तिथे आपले कालनिर्णय उपयोगी पडते. चिनी महिन्याची पहिली तारीख म्हणजे अमावास्येचा दिवस आणि पंधरावी पौर्णिमेच्या आसपास. या दोन दिवशी चिनी घरांत देव्हाऱ्यापुढे फुले ठेवतात, त्यामुळे आधी मागणी असते. त्या तारखा टाळाव्यात. चिनी नववर्षाच्या आधीचा पंधरवडा तर आम्ही अक्षतांवरच काढतो!

आता या पानाचा दुसरा विषय, आरोग्य. फुलदाणीतले पाणी हा सिंगापुरात गंभीर मामला आहे. २०२० साली इथे डेंग्यूचे ३५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्याचा प्रसार करणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याला २० सेंटच्या नाण्याएवढे पाणीही पुरते, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडाच लागतो. घरात अळ्या सापडल्या तर दंडही होतो. पाणी नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून दर दोन दिवसांनी पाणी बदलायचे आणि भांडे आतून घासायचे. दिवाळीत आपण हौसेने घंगाळात पाकळ्या तरंगत ठेवतो, तेही त्यातच आले. तुळशीच्या कुंडीखालची बशीसुद्धा.

गंमत अशी की फुले टिकवण्याचा उपायही हाच आहे. जुन्या पाण्यात जंतू वाढतात, देठाची नळी बुजते आणि पाण्यात उभे राहूनही फूल तहानेने मरते. पाणी बदलताना देठ बोटाच्या पेराएवढा तिरपा कापावा आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. नुसती साखर घालू नये. तिच्यावर जंतूच पोसतात. ऍस्पिरिनच्या गोळीचा मला तरी काही गुण दिसला नाही. पंख्याचा झोत टाळावा. आणि फुलदाणी केळी-आंब्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, त्याने फुले लवकर वठतात. आमची फुलदाणी वर्षानुवर्षे डायनिंग टेबलावर केळ्यांना टेकून उभी होती!

काही जण विचारतील, खाली बागेत इतकी फुले आहेत, विकत कशाला आणायची? पुण्यात पहाटे फिरायला निघालेले आजोबा दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद पिशवीत टाकतात, त्याला आपण भक्ती म्हणतो. इथे सार्वजनिक उद्यानातले फूल परवानगीवाचून तोडणे हा गुन्हा आहे. आणि मला विचाराल तर तिथेही ती चोरीच होती.

आमच्या वहीत आता 'फुले' ही ओळ परत आली आहे. आठवड्याला ५ डॉलर, वर्षाचे २६०. एखाद्या आठवड्यात जुनीच चालली तर ते पैसे पुढच्या सणाला. टंचाई संपलेली नाही. त्यासाठी आठवड्यातले एक बाहेरचे जेवण बंद केले. त्यावर मुलांची नाराजी अजून आहे, आणि ती मी मान्य करतो.

आई आता परत गेली आहे. दर रविवारी फोनवर विचारते, "या आठवड्यात कोणतं फूल आणलंस?" परवा म्हणालो, आणलं नाही, गेल्या वेळचंच आहे, आज अकरावा दिवस. तिला खरे वाटेना. फोटो काढून पाठवावा लागला.