गेटवर तीन झेंडे, करार एकही नाही

परवा आमच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर गेलो होतो. कामगार जेमतेम दोनशे, युनियनचे बोर्ड तीन. जुना करार संपून दीड वर्ष झालं. मॅनेजर म्हणतो, "साहेब, बोलू कुणाशी? एकाबरोबर सही केली की दुसरा गेट बंद करतो." खरंय त्याचं, पण अर्धंच. तिसरी युनियन कुणाच्या आशीर्वादाने उभी राहिली, हे समोरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

2001 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीला 10 टक्के किंवा 100 कामगार, यात जो आकडा कमी तो लागतो. म्हणजे इथे वीस जण पुरले. मान्यतेसाठी आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्यात 30 टक्के सभासद हवेत. पण तिथे मोजतात पावत्या, मतं नाहीत. एका फिटरने मला खिशातल्या दोन पावत्या दाखवल्या. म्हणाला, "एक मनाने फाडली, दुसरी फाडावी लागली."

मग एकच युनियन ठेवा, असं म्हणणाऱ्यांनी 1982 आठवावं. गिरण्यांत कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे. मालक म्हणाले, आम्ही मान्यताप्राप्त संघाशीच बोलणार. कागदावर बरोबरच होते ते. गिरणगाव मात्र उठलं ते उठलंच.

एसटीचं तर कालचंच आहे. 2021 मध्ये मान्यताप्राप्त संघटना होती, कृती समितीही होती. कामगारांनी सगळ्यांना बाजूला सारलं आणि विलीनीकरणावर अडून बसले. नोव्हेंबरात पगारवाढ जाहीर झाली तरी चाकं हलली नाहीत. शेवटी एप्रिल 2022 मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर लोक कामावर आले. तोवर खेड्यातली पोरं वडापच्या जीपला लोंबकळत शाळेत जात होती.

2020 च्या नव्या संहितेत 51 टक्केवाली युनियन एकटी बोलणार. तेवढी कुणीच नसेल, तर किमान 20 टक्के असलेल्यांची समिती. समिती मला पटते, लहान युनियनलाही टेबलावर जागा मिळते. पण हे टक्के गुप्त मतदानानेच ठरले पाहिजेत. पावतीबुकं पुरे झाली आता.

त्या तिन्ही नेत्यांना मी फोन करून विचारलं, गुप्त मतदानाला तयार आहात का? एक लगेच हो म्हणाला. दुसरा मीटिंगमध्ये होता. तिसऱ्याने "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणून ठेवला, त्याला आज नववा दिवस.